सोळा कोटींचं इंजेक्शन आणि गच्चीची गळती

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पार्किंगची भांडणं आणि ‘आज पाणी उशिरा येईल’ यांच्या मधोमध दर चार-सहा महिन्यांनी एका बाळाचा फोटो येतो. नाकात नळी, मान एका बाजूला कललेली, खाली क्यूआर कोड आणि आकडा: १६ कोटी. जमलेल्या रकमेची हिरवी पट्टी जेमतेम नखाएवढी सरकलेली असते. कुणी पाचशे पाठवतं, कुणी नुसते हात जोडतं, आणि कुणीतरी हमखास विचारतं, “हे खरं असतं का हो? एका इंजेक्शनला सोळा कोटी?”

आकडा खरा आहे. मी डॉक्टर नाही, सोसायटीचा खजिनदार आहे. पण या विषयावर हाताला लागेल ते वाचत आलोय, आणि वाचता वाचता लक्षात आलं की यातला औषधाचा भाग समजायला तसा सोपा आहे, डोकं खातो तो पैशांचा भाग. तो मला उलगडला तो गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवरून तीन तास चाललेल्या आमच्या एजीएममध्ये. त्यामुळे गच्ची या लेखात अधूनमधून येणार.

आधी औषध. आजाराचं नाव स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, सगळे एसएमए म्हणतात. आपल्या पेशींमध्ये एसएमएन१ नावाचं एक जनुक असतं. पाठीच्या कण्यातल्या ज्या चेतापेशी स्नायूंना हालचालीचा हुकूम देतात, त्यांना जगायला लागणारं प्रथिन या जनुकावरून तयार होतं. आई आणि बाबा दोघांकडून बिघडलेली प्रत आली तर बाळाकडे चालू जनुक उरत नाही, आणि त्या चेतापेशी एकेक करून मरायला लागतात. बाळ हसतं, नजर फिरवतं, सगळं कळत असतं, पण मान धरत नाही. पुढे गिळणं अवघड होतं, मग श्वास. सगळ्यात गंभीर प्रकारात, उपचार न मिळालेली बहुतेक बाळं व्हेंटिलेटरशिवाय दुसरा वाढदिवस पाहत नाहीत.

त्या सोळा कोटींच्या इंजेक्शनचं नाव झोल्जेन्स्मा. हे औषध म्हणजे एक विषाणू आहे, आतून रिकामा केलेला. त्याचा स्वतःचा जनुकीय ऐवज काढून तिथे एसएमएन१ची चालू प्रत भरलेली असते. पेशीत शिरायचं कसं हे विषाणूला उपजतच माहीत असतं, तेवढं कसब वापरून घ्यायचं. बाळाच्या दर किलो वजनामागे असे ११० लाख कोटी विषाणू लागतात (११ वर १३ शून्यं, मी दोनदा मोजली). बाळाच्या वजनानुसार कुप्यांचा संच तयार होऊन थंड पेटीतून येतो, आणि शिरेतून साधारण तासाभरात आत जातो. म्हणजे इंजेक्शन म्हणतात खरं, पण ते सलाइनसारखं लावतात. नंतर यकृताला त्रास होऊ नये म्हणून निदान दोन महिने स्टेरॉइड, आणि सतत रक्ताच्या तपासण्या. हा डोस आयुष्यात एकदाच. एकदा शरीराने त्या विषाणूची ओळख पटवली की पुढच्या वेळी तो दारातच मारला जातो. आणि मेलेल्या चेतापेशी कोणतंच औषध परत आणत नाही, त्यामुळे पैसे जमेपर्यंत गेलेला प्रत्येक महिना बाळाच्या खात्यातून वजा होतो.

अमेरिकेत मे २०१९ मध्ये या औषधाला परवानगी मिळाली तेव्हा किंमत होती २१ लाख २५ हजार डॉलर. तेव्हा ते जगातलं सगळ्यात महाग औषध होतं. आता त्याच्या पुढे रांग लागली आहे. रक्त नीट न गोठण्याच्या हिमोफिलिया बी या आजारासाठीचं हेमजेनिक्स ३५ लाख डॉलर, मेंदूच्या एका दुर्मिळ आजारावरचं लेनमेल्डी साडेबेचाळीस लाख डॉलर.

आता गच्ची.

आमची इमारत सात मजली. दर पावसाळ्यात सातव्या मजल्यावरच्या काकूंच्या बेडरूममध्ये पाणी ठिबकायचं. दरवर्षी आम्ही साठ-सत्तर हजार खर्चून कुठे डांबर, कुठे सिमेंटचा थर, एका वर्षी तर नुसती निळी ताडपत्री, असं भागवायचो. मग एक कंत्राटदार आला आणि म्हणाला, सगळा जुना ब्रिकबॅट कोबा उखडून नव्याने करतो, नऊ लाख, दहा वर्षांची गॅरंटी. कागदावर हिशेब सरळ होता. दहा वर्षांच्या ठिगळांचा खर्च जवळपास सात लाख, शिवाय काकूंचं खराब झालेलं फर्निचर वेगळं. तरी एजीएम पेटली. पहिल्या मजल्यावरचे म्हणाले, आमच्या घरात थेंब नाही, आम्ही का द्यायचे? भाड्याने दिलेल्या फ्लॅटचे मालक म्हणाले, मी पुढच्या वर्षी विकणार आहे, दहा वर्षांचा फायदा नवीन माणसाला. आणि एक निवृत्त इंजिनिअर काका उठून म्हणाले, “दहा वर्षांची गॅरंटी म्हणतोय, त्याची कंपनी सुरू होऊन झाली किती वर्षं? तीन!”

झोल्जेन्स्मासारख्या जनुकीय उपचारांच्या पैशांवरून जगभर जे वाद चाललेत, ते जवळजवळ सगळे त्या संध्याकाळी आमच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून झाले.

आरोग्याच्या सगळ्या योजना, मग तो खासगी विमा असो वा सरकारी, ठिगळांच्या खर्चाला सरावलेल्या असतात. मधुमेहाच्या गोळ्या, डायलिसिस, हिमोफिलियाची फॅक्टरची (म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाची) इंजेक्शनं, थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी चढवायचं रक्त. रुग्ण असेपर्यंत खर्च चालू, आणि तो वर्षांवर पसरलेला. जनुकीय उपचार हे गणित उलटं करतो. सगळे पैसे पहिल्याच दिवशी, फायदा पुढची तीस-चाळीस वर्षं. अमेरिकेत माणूस नोकरी बदलतो आणि त्याबरोबर विमा कंपनीही बदलते. मग जिने तीस लाख डॉलर भरले तिला कळतं की वाचलेला खर्च भलत्याच कंपनीचा वाचला. फ्लॅट विकणाऱ्या मालकाची तक्रार तीच होती.

इंजिनिअर काकांची शंका तर त्याहून खोल आहे. ज्या उपचाराचा पहिला रुग्णच दहा-बारा वर्षांपूर्वीचा, त्याचा गुण चाळीस वर्षं टिकेल हे कुणी छातीठोकपणे कसं सांगणार? हिमोफिलियाच्या काही उपचारांत दिसलंच आहे की सुरुवातीला वर गेलेली फॅक्टरची पातळी दरवर्षी थोडीथोडी उतरते.

आमच्या गच्चीचा तोडगा काकांनीच काढला, आणि बांधकामात तो जुनाच आहे: रिटेन्शन. कंत्राटदाराला सगळे पैसे द्यायचे नाहीत. काम झाल्यावर ऐंशी टक्के, उरलेले वीस टक्के दोन पावसाळे काढल्यावर, काकूंचं छत कोरडं राहिलं तरच.

हेच ब्राझीलच्या सरकारने झोल्जेन्स्माबाबत केलं. तिथे सरकारी आरोग्यसेवा सगळ्यांना मोफत आहे, आणि आई-बाप कोर्टात जाऊन औषध मिळवत होते. २०२५ मध्ये सरकारने कंपनीशी करार केला. ४० टक्के पैसे औषध देताना. २० टक्के २४ महिन्यांनी, बाळ मान धरत असेल तर. २० टक्के ३६ महिन्यांनी, आधाराशिवाय बसत असेल तर. शेवटचे २० टक्के ४८ महिन्यांनी, हे सगळं टिकून असेल तर. मला हा करार वाचताना अंगावर काटा आला होता. एखाद्या दवाखान्यात डॉक्टर बाळाला दोन्ही हातांनी धरून हळूच हात सोडतात, आणि त्या क्षणावर कोट्यवधींचा हप्ता अवलंबून असतो.

पण हप्त्यांनी सगळं सुटतं असं समजू नका. थॅलेसेमियावरच्या झिंटेग्लोची गोष्ट बघा. युरोपात कंपनीने किंमत ठेवली १५ लाख ७५ हजार युरो, पाच वार्षिक हप्त्यांत, आणि पहिल्यानंतरचे चार हप्ते रुग्णाला रक्त चढवावं लागलं नाही तरच. यापेक्षा सरळ करार काय असतो? तरी जर्मनीशी बोलणी फिसकटली आणि २०२१ मध्ये कंपनीने युरोपातून गाशा गुंडाळला. औषध काम करत होतं, किंमत पटली नाही. पुढे अमेरिकेत तेच औषध २८ लाख डॉलरला आणलं, आणि २०२५ मध्ये ती अख्खी कंपनी साधारण तीन कोटी डॉलरला विकली गेली. म्हणजे जेमतेम अकरा रुग्णांच्या औषधाच्या किमतीत औषधासकट कंपनी. त्याआधी २०१२ मध्ये युरोपात आलेल्या ग्लायबेराची किंमत दहा लाख युरोच्या घरात होती. पाच वर्षांत बाजारभावाने ते एकाच रुग्णाला दिलं गेलं, मग बंद. परवडत नसलेलं औषध विकणाऱ्यालाही परवडत नाही, हा भाग आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही.

मुंबईचा हिशेब मांडून बघू. शहरात वर्षाला लाख-सव्वा लाख बाळं जन्मतात. एसएमए साधारण दहा हजारांत एका बाळाला होतो असं धरतात, म्हणजे वर्षाला दहा-बारा, त्यातली सहा-सात गंभीर प्रकारची. सात गुणिले सोळा, ११२ कोटी. महापालिकेचं आरोग्याचं २०२५-२६चं बजेट सात हजार कोटींच्या वर आहे. त्यात ११२ कोटी काढता येणारच नाहीत असं कुणी म्हणणार नाही. पण दारात एसएमए एकटा उभा नाही. देशात दरवर्षी दहा हजारांच्या आसपास बाळं थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मतात. त्यांना झिंटेग्लो अमेरिकन भावाने द्यायचं ठरवलं तर एकेकाला जवळपास २४ कोटी, एकूण दोन लाख चाळीस हजार कोटी. केंद्र सरकारचं आरोग्याचं वर्षाचं अख्खं बजेट आहे एक लाख कोटींच्या आसपास. आणि अजून गडचिरोली-नंदुरबारच्या सिकलसेलच्या रुग्णांना आपण हिशेबात धरलेलंच नाही. इथे हप्ते पाडा नाहीतर पन्नास भाग करा, बेरीज तीच येते.

मग आज आपल्याकडे नेमकं मिळतं काय? राज्याची महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि केंद्राची आयुष्मान भारत, दोन्हींत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. बायपासला, डायलिसिसला, कॅन्सरच्या बऱ्याच उपचारांना ते पुरतं. दुर्मिळ आजारांसाठी २०२१ मध्ये राष्ट्रीय धोरण आलं, २०२२ मध्ये त्यातली मदत रुग्णामागे ५० लाखांपर्यंत वाढवली. ही मदत ठरावीक केंद्रांतूनच मिळते, आणि मुंबईत परळचं केईएम हे त्यातलं एक.  दिल्ली उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दुर्मिळ आजारांसाठी दोन वर्षांकरता ९७४ कोटींचा राष्ट्रीय निधी उभारायला सांगितलं, पण ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. कराचं म्हणाल, तर २०२१ मध्ये मुंबईतल्या एका बाळाच्या औषधावरचा सहा कोटींच्या आसपासचा कर केंद्राने खास बाब म्हणून माफ केला तेव्हा मोठ्या बातम्या झाल्या होत्या. २०२३ पासून धोरणात नाव असलेल्या आजारांसाठी स्वतःपुरतं मागवलेल्या औषधावर सीमाशुल्कच नाही. त्यासाठी सरकारी आरोग्य अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं, पण दर बाळामागे खास माफी मागावी लागत नाही, हे बरं झालं.

पन्नास लाख आणि सोळा कोटी. मधली साडेपंधरा कोटींची दरी भरायला म्हणून तो क्यूआर कोड.

लोकवर्गणीला मी नावं ठेवणार नाही. आपल्या गावांत देवळं आणि शाळा वर्गणीतूनच उभ्या राहिल्या. पण उपचाराची व्यवस्था म्हणून बघितलं तर ती मला अन्यायाची वाटते, आणि हे मी पाचशे पाठवूनच म्हणतो. ज्या बाळाचा फोटो काळजाला हात घालतो, ज्याच्या बाबांचं ऑफिस मोठं आहे, ज्याच्या मावशीला इंग्रजीत पोस्ट लिहिता येते, त्याची पट्टी भराभर पुढे सरकते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राज्यभरातून आलेली कुटुंबं महिनोन्‌महिने काढतात. तिथल्या कुणाचा व्हिडिओ व्हायरल झालेला तुम्ही पाहिलाय? २०१९च्या अखेरीस झोल्जेन्स्मा विकणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीने अमेरिकेबाहेरच्या बाळांसाठी वर्षाला शंभरापर्यंत डोस फुकट द्यायचं ठरवलं, आणि ते सोडत काढून. जगभर टीका झाली, बाळाच्या जिवाची लॉटरी म्हणून. आम्ही म्हाडाची सोडत जवळून पाहिलेली माणसं. सोडत वाईटच, पण ती निदान चेहरा बघत नाही आणि वशिलाही विचारत नाही. क्यूआर कोड दोन्ही बघतो.

आता मूळ प्रश्न, जो आमच्या एजीएममध्येही सगळ्यात शेवटी आला: नऊ लाख हा आकडा आला कुठून?

कंपन्या म्हणतात संशोधनाचा खर्च. तो असतोच. दहा प्रयोगांतले नऊ फसतात, रुग्ण मोजके, आणि औषध एकदाच विकलं जातं. पण झोल्जेन्स्माच्या किमतीमागे आणखी एक व्यवहार आहे. ते बनवणारी अ‍ॅव्हेक्सिस ही छोटी कंपनी नोव्हार्टिसने २०१८ मध्ये ८७० कोटी डॉलरला विकत घेतली, आणि ते पैसे वसूल करायचे होते. त्यातून या औषधामागचं काही तंत्र ज्या फ्रेंच प्रयोगशाळेच्या पेटंटचं, ती जेनेथॉन उभी राहिली टीव्हीवरून गोळा केलेल्या लोकवर्गणीवर. म्हणजे लोकांनी वर्गणी काढून संशोधन केलं, आणि आता लोकच वर्गणी काढून औषध घेतायत. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

तरीही खर्चावरून किंमत ठरली असं मला वाटत नाही. किंमत तुलनेवरून ठरली. २०१९ मध्ये एसएमएवर दुसरं औषध होतं स्पिनराझा. पाठीच्या कण्यात द्यायचं, पहिल्या वर्षी साडेसात लाख डॉलर, मग दरवर्षी पावणेचार लाख, जन्मभर. दहा वर्षांचे झाले एक्केचाळीस लाखांच्या वर. त्याच्या निम्म्यात एकदाचं काम करतो, असं कंपनीने मांडलं. म्हणजे वरची किंमत खालच्या किमतीवर टेकून उभी आहे. आमचा कंत्राटदारही नऊ लाख म्हणाला ते आम्ही ठिगळांवर सात लाख घालवत होतो म्हणून. दरवर्षीचं ठिगळ पाच हजारांत होत असतं तर त्याने नऊ लाखांचं कोटेशन हातात द्यायची हिंमत केली असती का?

आणि ठिगळ स्वस्त झालंय. एसएमएवर रिसडिप्लाम नावाचं एक औषध आहे, रोज तोंडाने घ्यायचं. जनुकीय उपचार नव्हे तो. आपल्या पेशींत एसएमएन२ नावाचं एक कच्चं, अर्धवट काम करणारं जुळं जनुक असतं, त्याच्याकडून थोडं जास्त प्रथिन करवून घेतं. रोश कंपनीच्या बाटलीची छापील किंमत होती सहा लाखांच्या वर. हैदराबादच्या नॅटको कंपनीने तेच औषध बनवायचं ठरवलं, पेटंटवरून दिल्ली उच्च न्यायालयात लढाई झाली, ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते थांबवायला नकार दिला, आणि बाटली बाजारात आली १५,९०० रुपयांना.

कागद-पेन घेऊन बसा. बाटलीत ६० मिलिग्रॅम औषध. वीस किलोच्या वरच्या रुग्णाला रोज ५, म्हणजे बारा दिवसांना एक बाटली, वर्षाला एकतीस. जुन्या भावाने वर्षाचे एक कोटी नव्वद लाख, नव्या भावाने चार लाख नव्वद हजार. लहान बाळाला त्याहून कमी, कारण डोस वजनावर. धोरणातल्या ५० लाखांत पूर्वी तीन महिने निघायचे, आता दहा वर्षं निघतात. आणि सोळा कोटींत? सव्वातीनशे वर्षं.

रोजचं सिरप आणि एकदाचा जनुकीय डोस सारखाच गुण देतात असं मी म्हणत नाहीये. कोणत्या बाळाला काय द्यायचं ते न्यूरॉलॉजिस्ट ठरवतील, आणि जन्मभर न चुकता औषध घेणं म्हणजे काय, ते घेणाऱ्यालाच माहीत. पण सोळा कोटी या आकड्याला टेकायला जी भिंत होती ती भारतात पडली. पुढच्या वेळी सरकार किंवा कुणीही या कंपन्यांशी भाव ठरवायला बसेल तेव्हा तुलना अमेरिकेतल्या पावणेचार लाख डॉलरशी करायची की १५,९००च्या बाटलीशी, हे आपल्या हातात आहे. माझ्या मते अख्ख्या विषयातली ही एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे.

मग नॅटकोसारखं कुणी झोल्जेन्स्माच का बनवत नाही? कारण ते इतकं सोपं नाही. गोळीतला रेणू ओळखला की दुसऱ्या कारखान्यात हुबेहूब तोच करता येतो. विषाणू जिवंत पेशींमध्ये वाढवावे लागतात. पेशी बदलल्या, गाळण्याची पद्धत बदलली, की माल बदलतो. त्यामुळे नक्कल करणाऱ्यालाही चाचण्या जवळपास पहिल्यापासून कराव्या लागतात. तेवढंच करायचं तर स्वतःचं का करू नये?

ते मुंबईत झालंय. पवईच्या आयआयटीत राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेने आणि टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी मिळून रक्ताच्या काही कॅन्सरवर नेक्सकार१९ हा उपचार तयार केला. यात रुग्णाच्याच रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी काढतात, विषाणूच्या मदतीने त्यांच्यात एक नवं जनुक बसवतात, कॅन्सरची पेशी ओळखायला शिकवतात, आणि परत शरीरात सोडतात. प्रत्येक रुग्णाचं औषध वेगळं, त्याच्याच पेशींचं. अमेरिकेत अशा पहिल्या उपचाराची, किमरियाची, किंमत २०१७ मध्ये पावणेपाच लाख डॉलर होती, रुपयांत तीन कोटी. नेक्सकार१९ला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली, एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते आयआयटीत त्याचं उद्घाटन झालं, आणि किंमत आहे चाळीस लाखांच्या आसपास. जादू काही नाही. पेशींत जनुक नेणारा विषाणू इथेच बनवला, मूळ संशोधन सरकारी पगारावरच्या माणसांनी केलं, चाचण्या इथल्याच रुग्णांवर इथल्याच खर्चात झाल्या, आणि कुठल्या ८७० कोटी डॉलरच्या खरेदीचं ओझं डोक्यावर नव्हतं.

चाळीस लाखही काही थोडे नाहीत. पाच लाखांच्या योजनेतून आलेल्या माणसाला पस्तीस लाख म्हणजे एकरभर जमीन आणि आत्याच्या पाटल्या. पण तीन कोटी आणि चाळीस लाख यांच्यात एक रेषा आहे. तिच्या अलीकडे विमा, ट्रस्ट, सरकारी मदत, मुख्यमंत्री सहाय्यता निधी हे शब्द तरी उच्चारता येतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने हिमोफिलिया ए च्या पाच रुग्णांवर केलेला जनुकीय उपचार २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सिकलसेलसाठी दिल्लीच्या सरकारी प्रयोगशाळेत बनलेलं ‘बिरसा १०१’ पुण्याच्या सिरमकडे सोपवण्यात आलंय. ही औषधं अजून दवाखान्याच्या काउंटरवर आलेली नाहीत, पण भाव ठरवायच्या टेबलावर ती आत्तापासूनच आहेत.

दरम्यान जुने मार्गही विसरू नयेत. थॅलेसेमियाच्या मुलाला भावंडाचा बोनमॅरो जुळला तर त्याच्या प्रत्यारोपणाने आजार कायमचा बरा होऊ शकतो, आणि महापालिकेचं बोरिवलीचं केंद्र हेच काम करतं. कोल इंडियाच्या योजनेतून त्यासाठी दहा लाखांपर्यंत मदत मिळते. आणि आई-बाप दोघं एसएमए किंवा थॅलेसेमियाचे वाहक आहेत का, हे रक्ताच्या तपासणीत कळतं. दोघंही असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. पत्रिका जुळवायला जेवढा वेळ देतो त्याच्या पावपट इथे दिला तर... असो, ते वेगळं भांडण आहे.

गच्चीचं विचाराल, तर ते झालं. दुसरा पावसाळा संपल्यावर कंत्राटदाराचा फोन आला. मी, इंजिनिअर काका आणि काकू स्टुलावर चढून छताला हात लावून आलो. कोरडं होतं. एका कोपऱ्यात ओल्यासारखा डाग दिसला, तो जुना की नवा यावर अर्धा तास गेला. शेवटी काकूंनी लग्नाच्या अल्बममधल्या एका फोटोत मागे तोच डाग दाखवला, आणि चेकवर सह्या झाल्या.

परवा ग्रुपवर पुन्हा फोटो आला. यावेळी मी ज्याने पाठवला त्याला विचारलं: औषध कोणतं? कोणत्या केंद्राचं पत्र आहे? पैसे हॉस्पिटलच्या खात्यात जातायत का? आणि सिरप तरी सुरू झालंय ना? तासाभराने उत्तर आलं. त्याच्या ऑफिसातल्या मित्राची भाची आहे, केईएममध्ये नाव नोंदवलंय, सिरप पंधरा दिवसांपूर्वी सुरू झालं. मी पाचशे पाठवले. पट्टी जागची हलली नाही.